पडणं की विसावा? (गीता, अध्याय ६, श्लोक ३७ ते ४५)



आपलं सहाव्या अध्यायाचं वाचन चालू आहे. काल आपण पाहिलं, की मन आवरणं म्हणजे वारा मुठीत धरण्यासारखं आहे अशी तक्रार अर्जुनाने केली, आणि अभ्यास व वैराग्य या दोन गोष्टींनी ते आवरतं असं भगवंतांनी सांगितलं. दुसरा कोणी असता तर मान डोलावून गप्प बसला असता. अर्जुन बसत नाही. त्याच्या मनात लगेच पुढची शंका येते. आणि मला विचाराल तर अख्ख्या अध्यायातली सगळ्यात माणुसकीची शंका हीच आहे.

आजचा भावार्थ

श्लोक ३७ ते ३९ मध्ये अर्जुन विचारतो, की समजा एखाद्याची श्रद्धा आहे, त्याने सुरुवातही मनापासून केली, पण वाटेतच मन ढळलं आणि योग काही पुरा झाला नाही. मग त्याचं काय होतं? मागचं सोडून आलेला आहे आणि पुढचं अजून हाती लागलेलं नाही. ढगापासून तुटलेला तुकडा जसा आभाळात विरून जातो, तसा तो विरून जातो का?

चाळिसाव्या श्लोकात उत्तर येतं. उत्तराच्या आधी त्यातली हाक बघा. भगवंत अर्जुनाला पार्थ म्हणतात, कौंतेय म्हणतात, धनंजय म्हणतात. पण 'तात' ही हाक संपूर्ण गीतेत एकदाच येते, ती इथे. आपल्याकडे आई पाठीवरून हात फिरवत 'बाळा' म्हणते ना, तशी. आणि मग सांगतात, की चांगलं करायला निघालेल्याचा नाश होत नाही, इथे नाही आणि तिकडेही नाही. पुढच्या पाच श्लोकांत ते कसं घडतं हे सांगितलंय. असा माणूस चांगल्या घरी जन्म घेतो, पूर्वीची बुद्धी त्याला परत मिळते आणि तो तिथून पुढे प्रयत्न सुरू करतो. आपल्यापैकी जे रात्री मोठे डेटा जॉब चालवतात त्यांना हे लगेच कळेल. जॉब मध्येच पडला, तर तो शून्यापासून सुरू होत नाही, शेवटच्या चेकपॉइंटपासून उचलला जातो.

इथे ज्ञानेश्वर माउलींनी एक फार गोड गोष्ट केली आहे. अर्जुन ज्याला ढळणं, तुटणं म्हणतो, त्याला माउली ज्ञानेश्वरीत विसावा म्हणतात. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की या माणसाच्या बाबतीत फक्त एवढंच होतं की त्याला मध्ये थोडं विसावावं लागतं, आणि तो विसावाही असा सुखाचा की देवांनासुद्धा मिळत नाही.

आजचा आपला प्रश्न यातूनच निघतो. मध्येच थांबावं लागलेला माणूस पडलेला असतो की विसावलेला? आणि तो परत उठून चालायला लागला तरच त्याला विसावा म्हणायचं का?

बर्फावर पडलेली मुलगी

अर्जुनाचा प्रश्न जन्मजन्मांतराचा आहे हे खरं. पण त्याची छोटी आवृत्ती आपल्याला याच जन्मात भेटते. आजारपण येतं, नोकरी जाते, परीक्षा राहून जाते. ज्यांचं सगळं आयुष्य शरीराच्या जोरावर उभं असतं त्या खेळाडूंच्या बाबतीत तर हा प्रश्न अगदी उघड्यावर येतो. म्हणून आज थोडं लांब जाऊ या, बर्फाच्या डोंगरावर. आपल्यातल्या बहुतेकांनी बर्फ मनालीच्या ट्रिपमध्ये भाड्याचे गमबूट घालून पाहिलेला, त्यामुळे आधी हा खेळ थोडक्यात सांगतो.

अल्पाइन स्कीइंगमध्ये डोंगराच्या उतारावर ठरावीक अंतराने दारं रोवलेली असतात. दोन्ही पायांना लांब पट्ट्या बांधून, त्या दारांमधून वळणं घेत सगळ्यात कमी वेळात खाली पोचायचं. वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजतात. स्लॅलममध्ये दारं जवळ जवळ असतात, जायंट स्लॅलममध्ये लांब लांब, त्यामुळे वेग जास्त. वर्ल्ड कपमध्ये या दोन्ही प्रकारांत दोन फेऱ्या होतात. पहिल्या फेरीतले पहिले तीस जणच दुसऱ्या फेरीत जातात, आणि पहिल्या फेरीत जी सगळ्यात पुढे असते ती दुसऱ्या फेरीत सगळ्यात शेवटी उतरते.

३० नोव्हेंबर २०२४. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातलं किलिंग्टन. मिकाएला शिफ्रिन, वय २९, नावावर ९९ वर्ल्ड कप विजय. इतके विजय आजवर कोणाच्याही नावावर नव्हते, ना बाईच्या ना पुरुषाच्या. त्या दिवशी जायंट स्लॅलमच्या पहिल्या फेरीत तीच पुढे होती. म्हणजे दुसऱ्या फेरीत ती शेवटची. खाली सगळी गर्दी शंभराव्या विजयाची वाट बघत उभी. आणि शेवट जवळ आलेला असताना तिचा तोल गेला, ती दारांवर आदळत थेट संरक्षक जाळीत गेली. पोटाच्या बाजूला काहीतरी टोकदार घुसून खोल जखम झाली आणि तिथले स्नायू फाटले. डिसेंबरमध्ये त्या जखमेवर शस्त्रक्रिया करावी लागली.

त्याच वर्षीच्या जानेवारीत तिची जुनी प्रतिस्पर्धी, स्लोव्हाकियाची पेट्रा व्ल्होव्हा, स्वतःच्याच देशात, यास्नाच्या डोंगरावर, घरच्या प्रेक्षकांसमोर पडली होती. तिच्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलं. दोघींचा जन्म १९९५ चा. व्ल्होव्हा म्हणजे २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकची स्लॅलममधली सुवर्णविजेती. आणि त्याच जानेवारीत स्वित्झर्लंडमधल्या वेंगनच्या डाउनहिलमध्ये नॉर्वेचा अलेक्झांडर कील्डे पडला. हा शिफ्रिनचा होणारा नवरा. त्याच्या खांद्याला आणि पोटरीला जबर मार लागला, पुढे खांद्यात संसर्ग होऊन पुन्हा शस्त्रक्रिया झाली.

तिघं एकाच वाटेवरचे. तिघं पडलेले. आता यांचा दिवस कसा जात असेल?

दिवस कसा जातो

बातम्यांमध्ये आपल्याला दोनच गोष्टी दिसतात: पडतानाचा व्हिडिओ आणि परत आल्यावरचा फोटो. मधले शेकडो दिवस कोणी दाखवत नाही, कारण त्यात दाखवण्यासारखं काही नसतं.

गुडघ्याच्या लिगामेंटचंच घ्या. स्की शर्यतीत सगळ्यात जास्त मार गुडघ्यालाच बसतो आणि एसीएल नावाचं लिगामेंट फाटणं ही तिथली नेहमीची दुखापत. ऑपरेशननंतर एक विचित्र प्रकार होतो. मांडीचा पुढचा स्नायू मेंदूचं ऐकेनासा होतो. स्नायू जागेवर असतो, धडधाकट असतो, पण 'आवळ' म्हटलं तर आवळत नाही. ज्या मांडीने काल ताशी शंभर किलोमीटरच्या आसपासचा वेग पेलला, ती आज हुकूम घेत नाही. म्हणून पहिला व्यायाम काय असतो? गादीवर पाय पसरून झोपायचं आणि मांडी आवळून गुडघा खाली दाबायचा. पाच सेकंद धरायचं, सोडायचं. परत. बाहेरून बघणाऱ्याला काही चाललंय हेसुद्धा कळणार नाही.

मग टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून पाय पूर्ण सरळ होतो का बघायचं. गुडघा किती वाकतो ते कोनमापकाने मोजायचं, आज दोन अंश जास्त, उद्या सूज आल्यामुळे तीन अंश कमी. बर्फ लावायचा. हो, तोच बर्फ. ज्याच्यावर आयुष्य घालवलं तो आता पिशवीत भरून गुडघ्यावर ठेवलेला. कुबड्या घेऊन जिना चढायला शिकायचं: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. काही आठवड्यांनी व्यायामाची सायकल, मग एका पायावर उभं राहणं, मग पायऱ्या, काही महिन्यांनी पळणं. स्पर्धेच्या बर्फावर परत जायला नऊ महिने ते वर्ष, कधी त्याहूनही जास्त.

आणि यात एक फार शिकवणारी गोष्ट आहे. फाटलेल्या लिगामेंटच्या जागी शरीरातलाच दुसरा तुकडा घेऊन बसवतात. तो तुकडा शरीरात रुजताना पहिल्या काही महिन्यांत आधी नरम पडतो आणि मग हळूहळू मजबूत होत जातो. पण दुखणं आणि सूज त्याच्या आधीच उतरलेली असते. म्हणजे 'आता मी बरा झालो' असं ज्या दिवसांत वाटतं, नेमक्या त्याच दिवसांत आतलं काम कच्चं असतं. बरं वाटणं आणि बरं होणं यांच्या तारखा वेगळ्या असतात! काल आपण वैराग्य म्हणजे काय यावर बोललो होतो. खेळाडूच्या आयुष्यात वैराग्य म्हणजे घरदार सोडणं नाही. पाय दुखत नाहीये, बाहेर ताजा बर्फ पडलाय, मैत्रिणी सरावाला निघाल्यात, आणि तरीही 'आज नाही' म्हणून टॉवेलची गुंडाळी हातात घेणं, हे तिचं वैराग्य. आणि उद्या सकाळी परत तेच करणं हा तिचा अभ्यास.

शिफ्रिनची जखम वेगळी, पोटाच्या बाजूच्या तिरक्या स्नायूंची. हे स्नायू आपल्याला एरवी आठवतही नाहीत. पण कूस बदलताना, खोकताना, हसताना, अंथरुणातून उठून बसताना तेच लागतात. आणि स्कीइंगमध्ये पाय एका दिशेला वळवून छाती उताराकडे धरायची तर सगळा भार त्यांच्यावरच येतो. म्हणजे आधी कूस बदलायला शिका, मग वळण घ्यायला.

कर्म कुठे असतं?

इथे थांबून स्वतःला विचारू या. त्या दिवसांत ती 'स्की रेसर' होती का? शर्यत नाही, डोंगर नाही, घड्याळ नाही. मग तिला रेसर म्हणायचं कशावरून?

आपण बहुतेक जण उत्तर देताना चोरवाटेने फळाकडे जातो. 'ती परत आली की नाही ते बघू.' परत आली तर ते दिवस तपश्चर्येचे, नाही आली तर वाया गेलेले. सोशल मीडियावरच्या सगळ्या 'कमबॅक स्टोरी' याच हिशोबावर चालतात. ऐकायला प्रेरणादायी वाटतात, पण आतून त्या फळाचीच पूजा करतात. म्हणतात, सोसा, कारण शेवटी पदक आहे. आणि पदक नसेल तर?

आता आपल्या तिघांचं काय झालं ते बघा. शिफ्रिन बरोबर दोन महिन्यांनी, ३० जानेवारी २०२५ ला फ्रान्समधल्या कुर्शेव्हेलच्या स्लॅलममध्ये उतरली आणि दहावी आली. व्ल्होव्हा त्या अख्ख्या २०२४-२५ च्या हंगामात एकही शर्यत खेळू शकली नाही. कील्डेसुद्धा नाही. कष्ट कोणी कमी केले होते? कोणाचीच श्रद्धा कमी नव्हती. एकीचं शरीर दोन महिन्यांत तयार झालं, दुसऱ्या दोघांचं वर्षभरातही नाही. मग काय, शिफ्रिनचे दिवस साधनेचे आणि व्ल्होव्हाचे तुटलेल्या ढगाचे?

अठराव्या अध्यायात भगवंत कुठल्याही कर्माची पाच कारणं सांगतात: ज्याच्या आधारावर कर्म घडतं ते शरीर, करणारा, इंद्रियांसारखी साधनं, वेगवेगळे प्रयत्न आणि पाचवं दैव. यातलं फक्त 'मी' धरून बसतो त्याला नीट दिसतच नाही, असंही तिथेच सांगितलंय. स्की शर्यतीत ही पाच कारणं अगदी वेगवेगळी मोजता येतात. बर्फ कडक आहे की मऊ, पट्टीची धार कशी लागली, दारं कशी रोवली, गुडघा सोबत आहे का, आणि त्या एका क्षणी तोल कुठे गेला. दुखापतीत पहिलं कारणच, आधारच, मोडतो. पण पाचातलं एक मोडलं म्हणून बाकीची संपत नाहीत. करणारा आहे. प्रयत्न आहे, फक्त त्याचं रूप बदललंय. दाराला वळसा घालणं हा जसा प्रयत्न होता, तसाच मांडी आवळून पाच आकडे मोजणं हाही प्रयत्नच. शर्यतीत त्याला टाळ्या पडायच्या, गादीवर पडत नाहीत, एवढाच फरक.

आणि मन?

इथे कोणी अभ्यासू वाचक म्हणेल, की अर्जुनाचा प्रश्न मन ढळलेल्याबद्दल आहे, हाड मोडलेल्याबद्दल नाही. अगदी बरोबर. म्हणूनच शिफ्रिनची पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते.

तिची जखम भरली. शरीर तयार झालं. पण जायंट स्लॅलमच्या उतारावर उभी राहिली की मन मागे सरकायचं. पायांना जे माहीत होतं ते पाय करेनात, कारण पुन्हा तसंच काही घडेल अशी चित्रं डोळ्यांसमोर यायची. फेब्रुवारी २०२५ मध्ये ऑस्ट्रियातल्या झालबाखला जागतिक अजिंक्यपद स्पर्धा होती. जायंट स्लॅलममध्ये ती गतविजेती होती. तरी तिने त्या शर्यतीतून माघार घेतली आणि कारण लपवलं नाही: मन अजून तयार नाही. पुढे तिने स्वतः लिहून सांगितलं, की हा आघातानंतरचा मानसिक त्रास होता, ज्याला आपण पीटीएसडी म्हणतो.

हे वाचताना मला अर्जुन आठवला. जगातला सगळ्यात मोठा धनुर्धर, हात थरथरतायत, धनुष्य गळून पडतंय. कौशल्य कुठेही गेलेलं नाही. मन ढळलंय. आणि त्याने ते लपवलं नाही, म्हणून तर आपल्याला गीता मिळाली.

आता त्याच महिन्यातले दोन दिवस बघा. २२ फेब्रुवारीला इटलीतल्या सेस्त्रिएरमध्ये जायंट स्लॅलम होती. शिफ्रिन पहिल्या तिसांतही आली नाही, म्हणजे दुसरी फेरी नाही, सामान आवरा. दुसऱ्याच दिवशी, २३ फेब्रुवारीला, त्याच गावात स्लॅलम झाली आणि ती जिंकली. शंभरावा विजय.

जगाने २३ तारीख लक्षात ठेवली. पण मला सांगा, दोन दिवसांतला साधनेचा दिवस कोणता? मला तर वाटतं २२ तारीख. मनात भीती आहे हे माहीत असून ती उतारावर उभी राहिली, सगळ्यांसमोर हळू उतरली, आणि दुसऱ्या दिवशी परत बूट चढवले. २३ ला ती हरली असती तरी २२ ची किंमत तेवढीच राहिली असती. भगवंतांनी दिलेला शब्द हाच आहे. त्यांनी असं म्हटलेलं नाही, की चांगलं करणारा नेहमी जिंकतो. ते म्हणाले, त्याचा नाश होत नाही. या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आजीच्या वाती

'ठीक आहे, पण ही शेवटी जिंकलीच ना,' असं मनात येत असेल तर जी परत उठली नाही अशा एका बाईची गोष्ट सांगतो. माझी आजी.

आजी ७९ वर्षांची असताना न्हाणीघरात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, घरी आणलं. चाळीसेक वर्षं पहाटे उठून देवांना आंघोळ, गंध, फुलं, आरती हे सगळं तिने केलेलं. आता पलंगावरून उतरता येईना. तिसऱ्या दिवशी तिने मला जवळ बोलावलं आणि हळू आवाजात विचारलं, "अरे, माझी सेवा बंद पडली. आता देव मला धरील का रे?"

अर्जुनाचाच प्रश्न. फक्त ढगाचा दृष्टान्त नव्हता.

फिजिओथेरपीच्या ताई यायच्या. पहिला व्यायाम पावलं खाली-वर हलवायचा, दहा वेळा. त्या मोजायच्या, एक, दोन, तीन. आजी म्हणाली, "ताई, तुम्ही आकडे मोजा, मी माझं मोजते." आणि प्रत्येक हालचालीला ती नाम घ्यायला लागली. दहाच्या जागी एकवीस व्हायचे. ताई ओरडायच्या, "आजी, पुरे!"

पुढे ती वॉकर घेऊन खोलीतल्या खोलीत चालायला लागली, पण जमिनीवर पाट मांडून बसणं तिला पुन्हा जमलं नाही. देवपूजा मामी करायची. आजी पलंगावर बसून कापसाच्या वाती वळायची. फुलवाती, लांब वाती, गल्लीतल्या चार घरांना पुरतील एवढ्या. एकदा म्हणाली, "पूर्वी मी दिवा लावायचे. आता दिव्याच्या आत जाऊन बसलेय."

यात कमबॅक नाही. पदक नाही. पण तिला पडलेली म्हणायची माझी तरी छाती नाही.

वारीतला विसावा

माउलींनी विसावा हा शब्द वापरला, आणि आपल्या मराठी माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. तुमच्यातले बरेच जण सुट्टी टाकून आळंदी ते पुणे किंवा पुणे ते सासवड एवढं तरी चालला असाल. पालखीच्या वाटेवर विसावे ठरलेले असतात. पालखी खाली ठेवतात. कोणी झाडाखाली आडवं होतं, कोणी पायाला तेल चोळतं, कोणी भाकरी सोडतं. त्या वेळी तुम्ही कोणाला विचारलंत, की काय माउली, वारी थांबली का? तर ते हसतील. वारी चालूच आहे, आम्ही विसाव्यावर आहोत. विसाव्यावर बसलेला वारकरी वारीच्या बाहेर नसतो. तोंड पंढरीकडे आहे ना, मग झालं.

दुखापतीतल्या खेळाडूचं, अंथरुणावरच्या आजीचं आणि तुमचं-माझंही असंच आहे. मात्र एक अट आहे आणि ती विसरायची नाही. विसावा म्हणजे आडवं पडून वेळ घालवणं नव्हे. वारकरी विसाव्यावरसुद्धा पाय चेपतो, पाणी पितो, शेजाऱ्याला घास देतो, कारण पुढे चालायचंय. तोंड कुठे आहे यावर सगळं ठरतं. शिफ्रिन डोंगरावर नसताना तिचं तोंड डोंगराकडे होतं. आजी देवघरात नसताना तिचं तोंड देवाकडे होतं.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. स्कीइंग म्हणजे योग नाही आणि पदक म्हणजे मोक्ष नाही. भगवंतांचं आश्वासन शंभराव्या विजयासाठी नाहीच. पण रोज सकाळी दिसेल-न-दिसेल एवढी एक हालचाल श्रद्धेने करणं, बरं वाटत असताना घाई न करणं, मन भ्यालंय हे कबूल करणं, ही मनाची कमाई आहे. ती गुडघ्यात साठत नाही, म्हणून गुडघ्याबरोबर मोडतही नाही. पूर्वीची बुद्धी परत मिळते असं भगवंत म्हणतात तेव्हा ते या कमाईबद्दल बोलतात, असं मी समजतो.

आपल्यासाठी

तुमच्यापैकी कोणी आत्ता बेंचवर असेल. कोणाच्या हातात लेऑफचा मेल असेल आणि शेजारचे सगळे ऑफिसला जात असताना घरी लॅपटॉप उघडून बसवत नसेल. कोणी डेंग्यूतून उठतोय, कोणी आईच्या आजारपणात करिअर बाजूला ठेवलंय. कोणाचं नाम, पारायण, योगासनं दोन महिन्यांपूर्वी सुटली आणि आता परत बसायची लाज वाटते. तुम्हाला वाटत असेल मी तुटलेला ढग आहे.

भगवंतांनी या प्रश्नाला आधी हाक मारून उत्तर दिलं, हे विसरू नका. उपदेश नंतर आला, 'तात' आधी आलं. ढळलेल्या माणसाशी बोलताना आपणही हाच क्रम ठेवू या. घरात, मित्रांत कोणी पडलेलं असेल तर 'कधी परत सुरू करणार?' हा प्रश्न दोन दिवस थांबू शकतो. आधी हाक.

आजचा संकल्प

सध्या तुमच्याकडून होत नाही ते एका बाजूला ठेवा. जे होऊ शकतं असं एकच लहान काम निवडा, इतकं लहान की बाहेरच्याला दिसणारसुद्धा नाही. एक माळ. एक श्लोक. एका मित्राला फोन. गुडघा दुखत असेल तर डॉक्टरांनी सांगितलेला तो कंटाळवाणा व्यायाम, नाम घेत घेत. एकवीस दिवस करा. फळ मोजू नका, फक्त तोंड कुठे आहे ते रात्री झोपताना एकदा बघा.

उद्या श्लोक ४६ आणि ४७. तपस्वी, ज्ञानी आणि कर्मी यांच्याहून योगी मोठा का, आणि योग्यांमध्येही सगळ्यात जवळचा कोण, ते पाहू. सहावा अध्याय तिथे पूर्ण होईल. आज जे विसाव्यावर आहेत त्यांनीही या, जागा आहे.

जय जय राम कृष्ण हरी!